‘द ब्रेक-अप’ (२००६): बारा लिंबे, तीन लिंबे आणि न झालेले पुनर्मीलन

सांजवात

शिकागोमधल्या एका फ्लॅटमध्ये संध्याकाळी दोन्ही घरची माणसे जेवायला येणार आहेत. ब्रुकने गॅरीला बारा लिंबे आणायला सांगितली होती. तो तीन घेऊन येतो. तिला ती टेबलाच्या मधोमध काचेच्या भांड्यात मांडायची होती. त्याला वाटले की स्वयंपाकासाठी हवी असतील, आणि एका जेवणाला बारा लिंबे कशाला लागतात? पाहुणे येतात, जेवतात, ब्रुकचा भाऊ जेवणाच्या टेबलावरच सगळ्यांना गाण्यात ओढू पाहतो, पाहुणे जातात आणि भांडी उरतात. गॅरी सोफ्यावर बसून व्हिडिओ गेम खेळू लागतो. ती म्हणते की आपण दोघांनी मिळून आत्ताच भांडी घासून टाकू. तो कुरकुरत उठायला तयार होतो, तेव्हा ती म्हणते की तू उठावेस एवढेच मला नको आहे, भांडी घासावीत असे तुला मनापासून वाटायला हवे आहे. तिथून पुढच्या काही मिनिटांत त्यांचे नाते मोडते.

पेटन रीड यांनी दिग्दर्शित केलेला आणि व्हिन्स व्हॉन व जेनिफर ॲनिस्टन यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट मी गेल्या महिन्यात पुन्हा पाहिला. प्रदर्शित झाला तेव्हा त्याची जाहिरात हलकीफुलकी प्रेमकथा म्हणून झाली होती, आणि मीही तो तसाच पाहायला गेले होते. त्या वेळी मला तो फसवा वाटला, कारण शेवटी दोघे एकत्र येत नाहीत. आता मात्र मला वाटते की दीर्घ सहवास कसा संपतो याविषयी इतके खरे बोलणारे विनोदी चित्रपट फार थोडे आहेत, आणि त्यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. (शेवट उघड करूनच लिहिले आहे. ज्यांना चित्रपट अजून पाहायचा आहे त्यांनी कृपया आधी पाहावा.)

माझे म्हणणे असे आहे की या दोघांचे नाते प्रेम आटल्यामुळे संपत नाही आणि भांडणांमुळेही संपत नाही. दोघांच्या माघार घेण्याच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून ते संपते. ब्रुक ‘आपले संपले’ असे म्हणते तेव्हा तिला ते संपवायचे नसते. आपल्यावाचून कसे वाटते हे त्याला कळावे आणि त्याने जवळ यावे, एवढीच तिची अपेक्षा असते. गॅरी मात्र ते शब्दशः घेतो आणि बैठकीच्या खोलीत मुक्काम ठोकतो. ती मत्सर जागा व्हावा म्हणून परक्या पुरुषांबरोबर बाहेर जाऊ लागते, तर तो तिला न्यायला आलेल्या माणसालाच शेजारी बसवून खेळायला लावतो. तिला घरात नको असलेले बिलियर्ड्सचे टेबल तो आणतो, मित्रांना बोलावून पार्टी करतो. मग ती एका गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटे काढून त्याला बोलावते, म्हणजे उघडपणे हात पुढे करते, आणि तो येतच नाही. त्या रात्री ती रडते. तो एकदाचा भानावर येतो, घर आवरतो, स्वयंपाक करून तिची वाट पाहतो, आणि तेव्हा तिच्याकडे द्यायला काहीच उरलेले नसते. ती ते शांतपणे सांगते. तिच्या आवाजात सूडही नसतो आणि समाधानही नसते. तो प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला.

सुरुवातीची एक गोष्टही सांगावीशी वाटते. बेसबॉलच्या मैदानावर दोघांची ओळख होते आणि त्यानंतर श्रेयनामावलीत त्यांचा सगळा सुखाचा काळ केवळ छायाचित्रांतून येतो: सहली, वाढदिवस, मित्रांबरोबरच्या पार्ट्या. चलच्चित्र पुन्हा सुरू होते ते थेट लिंबांच्या संध्याकाळी. म्हणजे त्यांचे सुख आपण कधी जिवंत पाहतच नाही, आणि नाते संपल्यावर माणसाच्या हातात तेवढीच छायाचित्रे राहतात.

पायवाट

लेख आवडला, परंतु गॅरीची बाजू कुणी तरी मांडायला हवी. हा माणूस दिवसभर पर्यटकांच्या बसमध्ये उभा राहून शहराची माहिती सांगत असतो. भावांबरोबर सुरू केलेला तो धंदा आहे आणि तो चालला तरच घराचा हप्ता भरला जाणार आहे. घरी आल्यावर वीस मिनिटे शांत बसू द्या, एवढे मागणे अवाजवी आहे काय? तो भांडी घासायला नकार देत नाही, ‘नंतर करतो’ म्हणतो. त्यावर ब्रुक जे मागते ते मला अन्यायाचे वाटते. कृती मागता येते. इच्छा कशी मागता येईल? कुणाच्या मनात काय यावे यावर त्याचा स्वतःचाही ताबा नसतो. आणि भांडण मोडण्यासाठी ‘संपले’ हा शब्द वापरणे, हा तर जुगार आहे. समोरच्याने तो शब्द खरा मानला, यात त्याचा दोष किती?

निळी शाई

पायवाट, आपल्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, पहिल्या भागाशी नाही. ब्रुकसुद्धा दिवसभर कलादालनात काम करून, तिथल्या अत्यंत लहरी मालकिणीला सांभाळून घरी येते आणि मग स्वयंपाकाला लागते. तिची तक्रार भांड्यांची नाहीच. पाहुणे किती, टेबल कसे मांडायचे, लिंबे किती आणि कशासाठी, कुणाला काय आवडते, हे सगळे एकटीने लक्षात ठेवायचे आणि दुसऱ्याला त्यातले एकेक काम ‘सांगायचे’, या व्यवस्थेला ती कंटाळली आहे. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये, नोकरीवरून आल्यावर घरी सुरू होणाऱ्या बायकांच्या ‘दुसऱ्या पाळी’वर पुस्तक लिहिले. पुढे २०१७ मध्ये एमा या फ्रेंच चित्रकर्तीची एक चित्रकथा जगभर फिरली. त्या चित्रकथेचे नावच ‘सांगायचे होतेस ना’ अशा अर्थाचे होते. घरातले काम लक्षात ठेवणे हेच मुळात एक काम आहे, हा तिचा मुद्दा होता. गॅरीचे प्रत्येक उत्तर ‘सांगायचे होतेस ना’ याच जातीचे आहे. तिने तर सांगितलेही होते, बारा हा आकडासुद्धा सांगितला होता, आणि तरीही तीनच आली.

सांजवात

पायवाट, ‘इच्छा मागता येत नाही’ हा आपला मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला. तो बरोबर आहे, आणि ब्रुकलाही ते ठाऊक असावे असे वाटते, म्हणून तर ते वाक्य तिच्या तोंडून निघते तेव्हा ती स्वतःच थोडी हतबल दिसते. तिला हवे आहे ते लक्ष. ते मागून मिळाले तर त्याची किंमत जाते आणि न मागता मिळत नाही, अशा कोंडीत ती सापडली आहे. परंतु त्याच भांडणात ती सांगते की मला बॅले पाहायला आवडते हे तुला ठाऊक आहे आणि तरीही तू मला कधी नेले नाहीस, तेव्हा गॅरी बॅलेवरच वाद घालतो. तिच्या आवडीबद्दल चाललेले बोलणे तो स्वतःच्या आवडीबद्दलचे समजतो. माझ्या मते त्याची चूक आळसापेक्षा या ऐकण्यात आहे. पुढे जॉन फॅवरो यांनी साकारलेला त्याचा मित्र त्याला बारमध्ये हेच तोंडावर सांगतो, की तू सगळे तुझ्या सोयीने करतोस आणि माणसांना एका अंतरापलीकडे येऊ देत नाहीस.

तिसरी घंटा

मला या चित्रपटाच्या घाटाबद्दल लिहायचे आहे, कारण सांजवात यांना पहिल्यांदा जी फसवणूक वाटली तिचे मूळ त्यात आहे. ज्यांचे एकदा जमले होते आणि मग बिनसले अशा जोडप्याच्या विनोदी कथा हॉलिवूडने १९३० च्या दशकातच घडवल्या. तत्त्वज्ञ स्टॅनली कॅव्हेल यांनी १९८१ मध्ये अशा सात चित्रपटांवर एक पुस्तक लिहिले आणि त्या प्रकाराला पुनर्विवाहाची विनोदिका असे नाव दिले. त्यांतला ‘द ऑफुल ट्रुथ’ (१९३७) आवर्जून पाहावा. त्यात पतिपत्नी न्यायालयात जातात, घटस्फोट अंतिम व्हायला काही दिवसांची मुदत असते, कुत्रा कुणाकडे राहायचा यावरही न्यायाधीशांसमोर वाद होतो, आणि त्या मुदतीत दोघे एकमेकांच्या नव्या सोयरिकी मोडत राहतात. मुदत संपायच्या अगदी शेवटच्या क्षणी ते एकत्र येतात. लिओ मॅकॅरी यांना त्याच्या दिग्दर्शनासाठी ऑस्कर मिळाले.

‘द ब्रेक-अप’चा सांगाडा नेमका तोच आहे. दोघे वेगळे होतात, परंतु एका छताखाली राहतात. एकमेकांचे नवे बेत उधळतात. घर विकले जाईपर्यंतची मुदत डोक्यावर आहे. जुन्या चित्रपटांत या कुरघोड्या म्हणजे प्रणयाचेच दुसरे रूप असायचे. एकमेकांना छळताना त्या दोघांना मजा येत असे, आणि आपल्यासारखा खेळगडी दुसरा मिळणार नाही हे त्यातूनच त्यांना उमजत असे. गॅरी आणि ब्रुक यांना मात्र छळताना मजा येत नाही, दर खेपेला काही तरी तुटते. प्रेक्षक जुन्या सवयीने पुनर्मीलनाची वाट पाहत राहतो आणि ते येत नाही. माझ्या मते ही फसवणूक हेतुपूर्वक केलेली आहे आणि योग्य आहे.

मिशिगनकाठी

मी गेली अनेक वर्षे शिकागोत राहतो, त्यामुळे पहिला प्रसंग घडतो ते बेसबॉलचे मैदान, रिग्ली फील्ड, पाहिले की आजही आधी हा चित्रपट आठवतो. त्या मैदानावर १९१४ पासून खेळ होत आहेत आणि कब्ज या संघाचे चाहते तिथे वर्षानुवर्षे हरण्याची सवय करून घेऊन बसत. चित्रपट आला तेव्हा त्या संघाने १९०८ नंतर अजिंक्यपद मिळवलेले नव्हते. ते पुढे २०१६ मध्ये मिळाले. अशा मैदानावर जुळलेल्या जोडप्याची ही गोष्ट आहे, याला इथल्या प्रेक्षकाच्या मनात वेगळा अर्थ येतो.

परंतु मला लिहायचे आहे ते त्या फ्लॅटबद्दल. ‘दोघांपैकी एक जण घर सोडून का जात नाही’ असा प्रश्न अनेकांना पडतो आणि कथानक ओढूनताणून आणलेले वाटते. ते तसे नाही. हे दोघे विवाहित नाहीत, आणि इलिनॉय राज्याचा कायदा अविवाहित जोडप्यांच्या बाबतीत फार कोरडा आहे. नोंदणीवाचूनचा, सहवासाने सिद्ध होणारा विवाह या राज्याने १९०५ मध्येच बंद केला. पुढे १९७९ मध्ये ह्युइट विरुद्ध ह्युइट या खटल्यात, जवळपास पंधरा वर्षे एकत्र राहिलेल्या आणि तीन मुले असलेल्या स्त्रीचा मिळकतीवरचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९७६ मध्ये मार्व्हिन खटल्यात अशा दाव्यांना दार उघडून दिले होते, इलिनॉयने ते बंदच ठेवले. २०१६ मध्ये ब्लूमेंथाल विरुद्ध ब्रूअर या खटल्यात तीच भूमिका पुन्हा कायम झाली, आणि त्या वादाची सुरुवातही शिकागोतल्या एका सामाईक घरावरूनच झाली होती.

म्हणजे गॅरी आणि ब्रुक यांना घटस्फोटाचे न्यायालय उपलब्धच नाही. तुमचे नाते काय होते, कुणी किती सोसले, हे तिथे कुणी ऐकून घेणार नाही. कायद्याच्या नजरेत ते एका मिळकतीचे दोन मालक आहेत. पटत नसेल तर विका किंवा वाटणीचा दावा लावा. जो आधी बाहेर पडेल त्याची बाजू कमकुवत होईल अशी भीती दोघांनाही असणार. मला तर वाटते की ज्या नात्याला संपवण्याचा कोणताही विधी नाही, त्याचा विधी हे दोघे त्या घरातच स्वतः रचत आहेत, आणि तो फार क्रूर होत आहे.

दुपारचे ऊन

मिशिगनकाठी यांचा प्रतिसाद वाचून लिहायचे धाडस करते आहे. आमचे लग्न झालेले होते, त्यामुळे कायद्याचे दार होते, परंतु पुण्यातला फ्लॅट दोघांच्या नावे आणि कर्जही दोघांच्या नावे. कर्जातून एक नाव काढायचे तर उरलेल्याच्या एकट्याच्या पगारावर ते बसायला हवे, आणि ते दोघांपैकी कुणाच्याच पगारावर बसत नव्हते. त्यामुळे वेगळे व्हायचे ठरल्यानंतर गिऱ्हाईक मिळेपर्यंत आम्ही सात महिने त्याच घरात राहिलो.

चित्रपटातल्यासारखे बिलियर्ड्सचे टेबल आणि पार्ट्या आमच्याकडे नव्हत्या. आमच्याकडे फ्रिजमधले कप्पे होते. वरचा माझा, खालचा त्याचा, आणि दरवाजातले दूध कुणाचे हे ठरलेच नाही, म्हणून शेवटी दोन पिशव्या येऊ लागल्या. सात महिन्यांत आम्ही जितक्या सभ्यपणे बोललो तितके आधीच्या नऊ वर्षांत कधी बोललो नव्हतो, आणि तो सभ्यपणाच सर्वांत जड गेला. पुढे हा चित्रपट पाहिला तेव्हा मला मोठी भांडणे आठवली नाहीत. बोलिंग या सोंगट्या पाडण्याच्या खेळाच्या चमूतले मित्र गॅरीला सांगतात की यापुढे तू येऊ नकोस, आम्ही ब्रुकला ठेवले आहे, तो प्रसंग मला पाहवला नाही. आमच्याही मित्रांनी निवड केली. कुणी बोलून दाखवली नाही, फक्त दिवाळीच्या फराळाची आमंत्रणे वेगवेगळी येऊ लागली आणि काही आलीच नाहीत.

पायवाट

दुपारचे ऊन, आपण लिहिलेत याबद्दल आभार. माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेत नाही, परंतु तो फार सोपा होता हे मान्य करतो.

अक्षरवेल

एक गोष्ट भाषेबद्दल. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे आपले सगळे शब्द लग्न मोडण्याचे आहेत, आणि प्रत्येकात हाताने करायची एक खूण आहे: काडी मोडायची, चिठ्ठी द्यायची, फारकतीचा कागद लिहायचा. लग्नाविना असलेले नाते संपते तेव्हा आपण ‘ब्रेकअप’ हाच शब्द वापरतो, कारण त्यासाठी मराठीत अशी खूण कधी तयारच झाली नाही. वर जो विधी नसण्याचा मुद्दा आला, तो आपल्याही शब्दकोशात दिसतो.

तळटीप

सगळ्यांनी इतके कौतुक केले आहे म्हणून उणिवाही नोंदवतो. चित्रपटाचे दोन तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. कलादालनाची मालकीण, गाणारा भाऊ, स्वागतकक्षातला तरुण ही मंडळी प्रहसनातली आहेत आणि मधली दोन माणसे गंभीर नाटकातली. मालकीण झालेल्या जूडी डेव्हिस यांच्यासारख्या अभिनेत्रीच्या वाट्याला निव्वळ अर्कचित्र यावे, याचे वाईट वाटते. ब्रुकच्या मनातले आपल्याला सतत कळते, कारण ती मैत्रिणीशी बोलते, रडते. गॅरीचे मन मात्र बारमधल्या एका संभाषणानंतर एकदम पालटते. इतक्या अडेल माणसात एवढा बदल एका रात्रीत होत नाही. त्याला आणखी दोन-तीन प्रसंग द्यायला हवे होते, आणि त्यासाठी पार्टीचा प्रसंग कापला असता तरी चालले असते.

सांजवात

तळटीप, गॅरीच्या बदलाबद्दल आपले म्हणणे मला पटते. प्रहसनाबद्दल मात्र थोडे वेगळे वाटते. घरात असे काही चालू असताना बाहेरचे जग खरोखरच अर्कचित्रासारखे दिसू लागते. कार्यालयातली माणसे मोठमोठ्याने बोलतात, नातेवाईक गातात आणि आपण त्यांच्यात उभे राहून दुसरेच काही ऐकत असतो. अर्थात दिग्दर्शकाला हेच अभिप्रेत होते असा माझा दावा नाही.

शेवटाबद्दल थोडे लिहायचे राहिले होते. जो शेवट आपण पाहतो तो नंतर पुन्हा चित्रित केलेला आहे. आधीच्या शेवटात दोघे रस्त्यात भेटतात तेव्हा दोघांबरोबरही नवे जोडीदार असतात, आणि ते जोडीदार हुबेहूब जुन्या जोडीदारासारखे दिसतात. ही कल्पना चतुर आहे, परंतु त्यामुळे मधल्या दीड तासाचे दुःख एका कोटीत विरले असते. चाचणी प्रयोगात प्रेक्षकांना ती रुचली नाही. प्रेक्षकांना विचारून बदललेले शेवट बहुधा गोड होतात. इथे तो अधिक खरा झाला. काही महिन्यांनी फुटपाथवर दोघे समोरासमोर येतात, दोघेही सावरलेले दिसतात, कसा आहेस, कशी आहेस, छान दिसतोस, एवढेच बोलतात आणि आपापल्या वाटेने चालू लागतात. दोघे एकदा मागे वळून पाहतात. पुन्हा भेटू असे कुणी ठरवत नाही. सुमारे पाच कोटी डॉलर खर्चून केलेल्या आणि जगभरात वीस कोटी डॉलरहून अधिक कमावलेल्या, दोन मोठ्या ताऱ्यांच्या चित्रपटाने इतक्या हलक्या आवाजात थांबावे, याचे मला अजून नवल वाटते.

दुपारचे ऊन, विचारू नये कदाचित, आणि उत्तर दिले नाहीत तरी मला काही वाटणार नाही. घर विकले गेल्यावर तुमची कधी अशी भेट झाली का?

दुपारचे ऊन

नंतर झाली नाही. शेवटची भेट खरेदीखताच्या नोंदणीच्या दिवशीच झाली. मे महिना होता, क्रमांक यायला तीन तास लागले आणि पंखा आमच्या बाकापर्यंत पोहोचत नव्हता. तो मध्येच उठून बाहेर गेला आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आला. एक गार होती, दुसरी साधी. थंड पाण्याने माझा घसा धरतो. साधी बाटली त्याने झाकण सैल करून माझ्या हातात दिली आणि आमचा क्रमांक पुकारला गेला.